सीसाउंडमधील 'इफ': अट नेमकी तपासली जाते तरी कधी?

कंपन (धागाकर्ता)

नमस्कार. पायथॉनमध्ये बरीच वर्षे काम केलेले असल्यामुळे, सीसाउंड ही ध्वनी घडवण्याची प्रोग्रामिंग भाषा शिकायला घेताना आपण 'इफ' (जर) या शब्दापाशी अडखळू असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. प्रत्यक्षात गेले तीन आठवडे मी तिथेच अडकून पडलो आहे, म्हणून हा धागा.

वाद्य अगदी साधे आहे. पडद्यावरच्या एका स्लायडरला तीन स्थिती आहेत. शून्यावर शांतता, एकवर 'पोसिल' या ऑप्कोडची (ऑप्कोड म्हणजे सीसाउंडमधला तयार घटक) २२० हर्ट्झची साइन लहर, आणि दोनवर 'व्हीसीओ२'ची करवती लहर, जी 'मूगलॅडर' फिल्टरमधून जाते. म्हणजे 'केमोड' एक असेल तर पहिली शाखा, दोन असेल तर दुसरी, मग 'एंडिफ', आणि शाखांच्या बाहेर, सर्वांत शेवटी, 'आउट एसिग'. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला किती सॅम्पल (ध्वनीची सुटी मापे) ते, ४४१०० आहे आणि केएसएमपीएस, म्हणजे एका फेऱ्यात किती सॅम्पल ते, ६४. (चलांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. 'आयमोड' हे आयने सुरू होणारे, 'केमोड' हे केने आणि 'एसिग' हे एने सुरू होणारे चल, एवढे ध्यानात ठेवावे.)

आता अडचणी सांगतो. सुरुवातीला मी स्लायडरचे मूल्य 'आयमोड'मध्ये घेतले होते. तेव्हा स्वर सुरू होताना जी स्थिती असेल तीच शेवटपर्यंत राहायची आणि मध्येच स्लायडर हलवला तरी काहीही व्हायचे नाही. चल बदलून 'केमोड' केले, तेव्हा शाखा बदलू लागली. परंतु दोन्ही शाखांच्या आत मी 'आयअँप' नावाचे चल ठेवले होते, साइनसाठी ०.३ आणि करवतीसाठी ०.१, आणि आवाजाची पातळी मात्र कायम ०.१ येत होती, साइनच्या शाखेत असतानासुद्धा.

तिसरी गोष्ट सर्वांत चमत्कारिक आहे. 'आउट'च्या आधी माझी 'एसिग = एसिग * ०.५' अशी आवाज निम्मा करणारी एक ओळ होती. ती अनावश्यक वाटली म्हणून काढून टाकली, आणि तेव्हापासून स्लायडर शून्यावर नेला की शांततेऐवजी घूं असा अखंड, टोकदार आवाज येऊ लागला. आवाज कमी करणारी ओळ काढल्याने शांतता कशी बिघडते, हे कोणी समजावून सांगू शकेल का?

शून्यछेद

तुमच्या तिन्ही तक्रारी एकाच मुळापाशी जातात. आपण ज्या भाषांमध्ये वाढलो त्यांत 'इफ' म्हणजे 'काय करायचे' याचा निर्णय असतो. ध्वनिसंश्लेषणाच्या भाषेत त्याच्या आधी 'कधी ठरवायचे' हा प्रश्न येतो आणि सीसाउंडने त्याचे उत्तर चलाच्या पहिल्या अक्षरात ठेवले आहे.

प्रत्येक स्वराच्या आयुष्यात दोन प्रकारचे फेरे असतात. पहिला आरंभाचा, जो एकदाच होतो. त्यानंतर वादनाचे फेरे सुरू होतात, दर ६४ सॅम्पलमागे एक, म्हणजे तुमच्या मांडणीत सेकंदाला सुमारे ६८९. आयची चले आरंभाच्या फेऱ्यात भरली जातात आणि नंतर गोठतात. केची चले प्रत्येक वादनफेऱ्यात एकदा बदलतात. एचे चल म्हणजे एक संख्या नव्हे, तर ६४ संख्यांची ओळ असते. 'आयमोड'वर बसवलेली अट स्वर जन्मताना एकदाच विचारली गेली आणि तिचे उत्तर कायमचे ठरले. हा दोष नाही. ज्या स्वराची घडण मध्येच बदलायची नाही त्याच्यासाठी हेच उत्तम, कारण न निवडलेली शाखा मग अजिबात चालत नाही आणि तिचा भार शून्य असतो.

'आयअँप'ची गोष्ट थोडी खोल आहे. तुमची अट 'केमोड'वर आहे, म्हणजे ती वादनफेऱ्यांत तपासली जाणार. आरंभाच्या फेऱ्यात तिला अर्थच नाही, कारण पुढे स्लायडर कुठे जाईल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसते. दोन्ही शाखांमधल्या ऑप्कोडना आपली स्मृती आणि आपापली प्रारंभिक स्थिती आधीच मिळालेली असली पाहिजे, नाहीतर नंतर त्या शाखेत शिरताच 'आरंभ झालेला नाही' असा दोष येईल. म्हणून आरंभाचा फेरा अटीकडे न पाहता वरपासून खालपर्यंत सरळ जातो. वाटेत 'आयअँप' आधी ०.३ होते, मग दुसऱ्या शाखेत पोहोचल्यावर ०.१ होते, आणि शेवटी जे लिहिले गेले तेच उरते. शाखांचा क्रम उलटा करून पाहा, तुम्हाला कायम ०.३ मिळेल. उपाय म्हणजे पातळीसाठी 'केअँप' वापरा.

हाच सापळा 'शेड्यूल'सारख्या (नवा स्वर सुरू करणाऱ्या) आरंभकाळच्या ऑप्कोडलाही लागू आहे. केच्या अटीत तो ठेवला, तर अट खरी असो वा खोटी, स्वर सुरू होताच तो एकदा चालतोच.

आता घूं आवाज. स्लायडर शून्यावर गेला की दोन्ही शाखा वगळल्या जातात आणि 'एसिग'मध्ये कोणीच काही लिहीत नाही. पण पाटीवर कोणी लिहिले नाही म्हणून ती पुसली जात नाही. शेवटच्या फेऱ्यात उमटलेली ६४ सॅम्पल तशीच असतात आणि 'आउट' इमानाने प्रत्येक फेऱ्यात तीच पुन्हा बाहेर पाठवते. ६४ सॅम्पलचा एक तुकडा सेकंदाला ६८९ वेळा वाजला की ६८९ हर्ट्झचा स्वर ऐकू येणारच. आपल्या यंत्रावर पडताळा घ्यायचा असेल तर केएसएमपीएस ३२ करा. तो आवाज बरोबर एक सप्तक वर गेला पाहिजे.

कंपन

केएसएमपीएस ३२ केले आणि आवाज खरोखरच एक सप्तक वर चढला! 'इफ'च्या आधी 'एसिग = ०' ही ओळ घातली आणि घूं थांबले. मनापासून आभार. मात्र निम्मे करणारी ओळ असताना ते का ऐकू येत नव्हते, हे अजूनही कळलेले नाही. त्या ओळीमुळे आवाज निम्मा व्हायला हवा होता, नाहीसा नव्हे.

शून्यछेद

ती ओळ शाखांच्या बाहेर होती, म्हणजे शून्य स्थितीतही ती प्रत्येक फेऱ्यात चालत होती, आणि गुणाकाराचा निकाल पुन्हा त्याच 'एसिग'मध्ये ठेवत होती. शाखा चालू असताना दर फेऱ्याला ताजी सॅम्पल येतात आणि एकदाच निम्मी होतात. शाखा बंद झाल्यावर मात्र तीच शिळी सॅम्पल पुन्हा पुन्हा निम्मी होत जातात. दहा फेऱ्यांत ती १०२४ पटींनी लहान होतात, म्हणजे जवळजवळ ६० डेसिबलची घट, आणि दहा फेरे म्हणजे अवघे साडेचौदा मिलिसेकंद. कानाला ते 'पटकन थांबले' असेच वाटते. तुमचा दोष पहिल्या दिवसापासून होता, त्या ओळीने तो झाकला होता इतकेच.

तिथे ०.५ ऐवजी १.१ असते तर काय झाले असते याचाही विचार करून ठेवा. चोवीस फेऱ्यांत, म्हणजे सुमारे ३५ मिलिसेकंदांत, आवाज जवळपास दहापट झाला असता आणि तिथेही थांबला नसता. हेडफोन लावून असे प्रयोग करू नयेत हे वेगळे सांगायला नको.

जुनी_फीत

वरचे विवेचन अचूक आहे. त्यात एका गोष्टीची भर घालतो, जी मला भर कार्यक्रमात शिकावी लागली.

वगळलेल्या शाखेत केवळ बाहेर जाणारे चलच शिळे राहते असे नाही, आतल्या ऑप्कोडचे घड्याळही थांबते. 'लिनसेग' हा ठरलेल्या आलेखाप्रमाणे मूल्य बदलणारा ऑप्कोड आपल्या आलेखावर किती पुढे आला हे स्वतःच्या फेऱ्यांवरून मोजतो. शाखा बंद असेल तर त्याच्यासाठी काळ सरतच नाही. ऑसिलेटरची (लहर काढणाऱ्या ऑप्कोडची) फेज, म्हणजे लहर कुठवर आली ती जागा, जिथल्या तिथे राहते. मी 'रिव्हर्बएससी' हा घुमाऱ्याचा ऑप्कोड एका 'इफ'च्या आत ठेवला होता, हेतू हा की नको तेव्हा प्रोसेसरवर भार नको. एका स्वराचा घुमारा अर्धवट विरलेला असताना मी ती शाखा बंद केली. चारेक मिनिटांनी, अगदी हलक्या, विरळ जागी ती पुन्हा उघडली, आणि चार मिनिटांपूर्वीच्या त्या स्वराची उरलेली शेपटी सभागृहात उमटली. श्रोत्यांना ते योजनापूर्वक केलेले वाटले असावे. मला मात्र घाम फुटला.

तेव्हापासून माझा नियम असा की ज्याला स्मृती आहे, मग तो घुमारा असो, डिले असो वा फिल्टर, त्याला 'इफ'च्या आत ठेवायचे नाही. तो सतत चालू द्यायचा आणि त्याच्यात शिरणारा सिग्नल तेवढा बंद करायचा.

मंद्र_पंचम

मी सुपरकोलायडर ही दुसरी ध्वनिभाषा वापरतो, त्यामुळे थोडी वेगळी बाजू मांडतो. विषयांतर होणार नाही याची काळजी घेईन.

तुमच्याकडे निदान 'इफ' नावाप्रमाणे वागतो. आमच्याकडे भाषा आणि ध्वनी निर्माण करणारा सर्व्हर हे दोन निराळे प्रोग्राम आहेत. 'सिंथडेफ'मधले (वाद्याच्या व्याख्येतले) फंक्शन भाषेच्या बाजूला एकदाच चालते, तेही आवाज काढण्यासाठी नव्हे तर यूजेनच्या (तुमच्या ऑप्कोडसारख्या घटकांच्या) जोडणीचा नकाशा काढण्यासाठी. सर्व्हरकडे जातो तो फक्त नकाशा, आणि नकाशात 'जर' नावाची खूण नसते. त्यामुळे 'सिंथडेफ'मध्ये 'इफ' लिहिणारा नवखा माणूस खरे तर नकाशा काढणाऱ्याला विचारत असतो की उद्या पाऊस पडेल का.

त्यातही एक फरक असा आहे की ज्यामुळे मी एकदा आख्खी संध्याकाळ घालवली. आर्ग्युमेंट (सिंथला बाहेरून मिळणारे मूल्य) शून्यापेक्षा मोठे आहे का, असे '>' चिन्हाने विचारले आणि महिरपी कंसात दोन पर्याय दिले, तर 'नॉन बूलियन इन टेस्ट' असा दोष येतो. ते बरे, निदान चूक झाली हे कळते. पण '==' ने विचारले तर दोष येतच नाही. नकाशा काढतेवेळी ते आर्ग्युमेंट म्हणजे एक वस्तू असते आणि 'ही वस्तू म्हणजे एक हा आकडा आहे का' याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच येते. मग प्रत्येक वेळी दुसराच पर्याय निवडला जातो, पहिला नकाशात येतही नाही, आणि आपण बसतो स्लायडर तपासत. यासाठी नव्या आवृत्त्यांत दोन उभ्या रेघांच्या मध्ये लिहिलेले समानतेचे वेगळे चिन्ह आहे, जे नकाशातच तुलनेचा यूजेन ठेवते.

मग आम्ही निवड कशी करतो? 'सिलेक्ट' नावाचा यूजेन आहे. त्याला क्रमांक आणि सिग्नलांची यादी द्यायची. यादीतले सर्व सिग्नल सतत चालू असतात, तो त्यांतला एक बाहेर पाठवतो. फाउस्ट या आणखी एका ध्वनिभाषेतील 'सिलेक्ट२' हाही याच स्वभावाचा, दोन्ही बाजू मोजून मग एक उचलणारा. यात जुनी_फीत यांची शेपटी उद्भवत नाही, कारण कोणाचेच घड्याळ थांबत नाही. त्याची किंमत प्रोसेसर मोजतो.

काही जण 'सिलेक्ट'ऐवजी शून्य किंवा एकने गुणून बेरीज करतात. ते बहुतेक वेळा चालते, पण न निवडलेल्या बाजूला कुठे शून्याने भागाकार होत असेल तर तिथे अनंत तयार होते, आणि शून्य गुणिले अनंत म्हणजे शून्य नव्हे, 'नॅन', अर्थात 'संख्याच नाही' अशी खूण. तो एकदा फिल्टरच्या स्मृतीत शिरला की त्या फिल्टरमधून नंतर कितीही शुद्ध सिग्नल पाठवा, बाहेर 'नॅन'च येत राहतो. सिंथ बंद करून नव्याने सुरू करण्यावाचून गत्यंतर नसते. 'सिलेक्ट' गुणाकार करत नाही, केवळ उचलतो, म्हणून न निवडलेल्या बाजूचा 'नॅन' त्याच्यातून पुढे जात नाही.

कंपन

दोघांचेही आभार. 'सिलेक्ट'च्या धर्तीवर मी सीसाउंडमध्येही दोन्ही लहरी सतत चालू ठेवून पाहिल्या आणि 'इफ'ने फक्त कोणती बाहेर पाठवायची ते ठरवले. घूं गेले, एन्व्हलप (आवाजाच्या चढउताराचा आलेख) सुरळीत झाला. पण स्थिती बदलताना टक् असा आवाज येतो. तो टाळण्यासाठी 'केमोड'ला 'पोर्ट'मधून गुळगुळीत करून घेतले, तर आता शाखा कधी बदलते आणि कधी बदलतच नाही.

शून्यछेद

गुळगुळीत केलेले मूल्य एकच्या दिशेने सरकत राहते, परंतु तंतोतंत एक कधी होईल याचा भरवसा नाही. त्याला '== १' असे विचारणे व्यर्थ आहे. शिवाय तुम्ही चुकीची गोष्ट गुळगुळीत केली. निर्णय करकरीतच असू द्या, त्याचा परिणाम हळू होऊ द्या. 'केमोड' जसा आहे तसा ठेवून त्यावरून दोन गेन (आवाजाच्या पातळीचे गुणक) काढा, पहिल्या लहरीसाठी एक आणि दुसऱ्यासाठी एक, प्रत्येकाचे लक्ष्य शून्य किंवा एक. मग त्या गेनना 'पोर्टके'मधून साधारण ०.०१ सेकंदाच्या अर्धकाळाने जाऊ द्या आणि 'इंटर्प' वापरून ऑडिओ रेटला (सॅम्पलागणिक बदलणाऱ्या रूपात) न्या, म्हणजे ६४ सॅम्पलच्या पायऱ्याही ऐकू येणार नाहीत. शेवटी प्रत्येक लहर आपापल्या गेनने गुणून दोन्हींची बेरीज करा. शून्य स्थितीत दोन्ही गेन शून्याकडे जातात, त्यामुळे शांततेसाठी वेगळी शाखाही लागत नाही. पाहा, 'इफ' लक्ष्य ठरवण्यापुरताच उरला.

टक् आवाजाचे कारण सरळ आहे. एक लहर ०.२८ वर असताना तोडली आणि दुसरी त्या क्षणी उणे ०.०७ वर असेल, तर मधली उडी कानाला टक् अशीच लागणार. माझ्या टोपणनावामुळे कोणी सुचवण्याआधीच सांगतो की शून्य छेदाची (लहर शून्य ओलांडते त्या क्षणाची) वाट पाहून शाखा बदलण्याचा उपाय करून झाला आहे. त्यासाठी सॅम्पलागणिक निर्णय हवा, म्हणजे स्वतःचा ऑप्कोड लिहून त्यात 'सेटकेएसएमपीएस १' म्हणावे लागते. तेवढे करूनही लहरीचा उतार एकदम बदलतो आणि बारीकसा टक् उरतोच. दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक लहर विरत असताना दुसरी वर येणे) यापेक्षा स्वस्त आणि बरा.

'रीइनिट'ने आरंभाचा फेरा पुन्हा घडवून आणता येतो, पण त्यात ऑसिलेटरची फेज नव्याने सुरू होते आणि तिथेही टक् येतो. सतत वाजणाऱ्या स्वरासाठी मी तो वापरत नाही.

जुनी_फीत

दोन्ही बाजू सतत चालवणे दोन लहरींपुरते ठीक आहे. वीस स्वर एकदम आणि प्रत्येकात पाच जड शाखा असतील, तर प्रत्येक शाखेचे वेगळे वाद्य करा. एक हलके नियंत्रक वाद्य ठेवा, जे स्वतः आवाज काढत नाही. ते 'इव्हेंट'ने हवे ते वाद्य सुरू करील आणि 'टर्नऑफ२'ने नको ते थांबवील. वाद्यांत 'लिनसेगार' वापरला आणि 'टर्नऑफ२'ला रिलीज (स्वराचे शेवटचे विरणे) होऊ देण्यास सांगितले, तर जुने वाद्य आपल्या गतीने विरते, नवे वर येते, आणि क्रॉसफेड आपसूक होतो. घड्याळ गोठण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण नवे वाद्य नव्या आरंभासह येते. तुमचा 'आयअँप'सुद्धा तिथे बिनधास्त ठेवता येईल.

कंपन

गेनची पद्धत वापरून मूळ वाद्य नीट चालू लागले. मग उत्साहाच्या भरात जुनी_फीत यांची पद्धतही करून पाहिली. करवती लहर अकरा क्रमांकाच्या वाद्यात हलवली, चाचणीसाठी तिचा कालावधी दोन सेकंद ठेवला, आणि नियंत्रकात लिहिले की 'केमोड' दोन असेल तर 'इव्हेंट'ने अकरावे वाद्य सुरू कर. स्लायडर दोनवर नेला आणि एक प्रचंड भिंतीसारखा आवाज आला. दोन सेकंद पूर्ण होण्याआधीच प्रोसेसरने मान टाकली.

शून्यछेद यांनी पहिल्याच प्रतिसादात दिलेला आकडा तेव्हा आठवला. केची अट खरी असेपर्यंत प्रत्येक फेऱ्यात खरीच असते, म्हणजे मी सेकंदाला ६८९ स्वर सुरू करत होतो आणि ते सगळे टिकले असते तर एका वेळी १३७८ वाजले असते. आता अटीत 'चेंज्ड' घातला आहे, ज्यामुळे 'केमोड' बदलल्याच्या फेऱ्यातच ती खरी ठरते, आणि स्वर एकच येतो.

त्यानंतरही एक खोडी उरली होती. शून्यावरून थेट दोनवर जाताना मध्येच साइनची एक पुसट हाक ऐकू यायची. बराच वेळ कोडमध्ये शोधले. शेवटी लक्षात आले की स्लायडर दोनपर्यंत पोहोचताना वाटेत एकवरून जातो आणि 'चेंज्ड' तेही निष्ठेने टिपतो. स्लायडर काढून तिथे तीन बटणे बसवली आहेत.